एव्हरिलनं घातलेली वात

क्लिफर्ड ऑस्गर्बी मे महिन्यात माझ्या व्हेपच्या दुकानात आला, तेव्हा त्याच्या बायकोला जाऊन अकरा आठवडे झाले होते. दुपार होती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं व्हेप, म्हणजे आपली ई-सिगारेट, काउंटरवर ठेवलं आणि नेहमीच्या लिक्विडची बाटली मागितली. बाटली काढायला मी वळणार, तोच मला जळक्या कापसाचा वास आला. या धंद्यात पडल्यापासून तो वास मला झोपेतही ओळखता येईल.

मी विचारलं, वात कधी बदललीस? मी वरची टोपी फिरवून काढली. आत तारेच्या छोट्या वेटोळ्यातून ओवलेला कापूस टोकांना तपकिरी आणि मधोमध कोळशासारखा काळा झाला होता. तारेवर साखर करपावी तशी खरपुडी धरली होती. वात एक-दोन आठवडे टिकते. ही त्यानं जवळजवळ तीन महिने ओढली होती. मी चिमटा उचलला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"हात लावू नकोस, लॉर्ना. ती एव्हरिलनं घातलीय."

मी चिमटा खाली ठेवला. त्यानं टोपी बसवली, बाटली घेतली आणि तो गेला.

एव्हरिल, म्हणजे त्याची बायको, आणि मी ग्रिम्सबीच्या गोदीजवळ मासळीच्या कारखान्यात अकरा वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहून हॅडॉक मासे सोलले. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. त्याआधी, लग्नाच्या आधीपासून, ती ट्रॉलरची, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटींची, जाळी विणायची. सुतळी आणि लाकडी सुई हातात दिली की ती तुमच्याकडे बघून गप्पा मारत विणत राहायची. क्लिफर्ड अशाच एका ट्रॉलरवर होता. बाविसाव्या वर्षी आइसलँडच्या समुद्रात त्याचा उजवा हात जाळं ओढायच्या विंचच्या दोरात सापडला आणि तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. पुढे तो गोदीतच काम करायचा आणि दिवसाला चाळीस सिगारेटी ओढायचा.

छातीच्या डॉक्टरांनी दम भरला तेव्हा त्यानं निकोटिनच्या पट्ट्या लावून पाहिल्या, च्युइंगम चघळलं, दोन महिने घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा जीव नकोसा केला. शेवटी एव्हरिल त्याला माझ्या दुकानात ओढत घेऊन आली. साध्या व्हेप-पेनानं त्याचं भागेना. म्हणून मी त्याला वात घालायचं जुन्या पद्धतीचं व्हेप दिलं. त्यात धूर भरपूर, पण कापूस आपला आपण बदलावा लागतो. वात कशी घालायची ते मी एव्हरिलला शिकवलं, म्हणजे एकदा दाखवलं. पुढे सहा वर्षं दर रविवारी सकाळी ती ते काम करायची आणि क्लिफर्ड समोर बसून पेपर वाचायचा. त्या सहा वर्षांत त्यानं एकही सिगारेट ओढली नाही.

तो दुकानातून गेल्यानंतरच्या गुरुवारी मी बसमधून घरी निघाले होते. गोदीच्या भिंतीला टेकून क्लिफर्ड उभा होता आणि हातात त्यानं स्वतः वळलेली सिगारेट होती. त्यानंही मला पाहिलं, पण लपवली नाही. बस पुढे गेली. त्याच्या सिगारेटीपेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचत होती.

रविवारी दुपारी मी कापसाचं पाकीट, चिमटा आणि छोटी कात्री पिशवीत घालून त्याच्या घरी गेले. त्यानं दार उघडलं आणि किटली चढवली. स्वयंपाकघर स्वच्छ होतं. टेबलावर तंबाखूची पुडी उघडी पडली होती आणि तिच्या शेजारी व्हेप.

चहा झाल्यावर त्यानं आपणहून सांगायला सुरुवात केली. एव्हरिल गेली ती मंगळवारी पहाटे, मेंदूत रक्तस्राव होऊन. त्याच्या आधीच्या रविवारी दोघांचं भांडण झालं होतं. ती म्हणाली, आज वात तू घाल, मी शेजारी बसते. तो म्हणाला, या हातानं? ती म्हणाली, याच हातानं, शिकून घे, मी तुला कायमची पुरणार नाही. त्याला राग आला. त्यानं कापूस टेबलावर आपटला आणि म्हणाला, कंटाळली असशील तर तसं सरळ सांग. मग एव्हरिल एक अक्षर बोलली नाही. तिनं कापूस उचलला, वात घातली, टोपी बसवून व्हेप त्याच्यासमोर ठेवलं. सोमवारीही दोघं धड बोलली नाहीत.

"पन्नास वर्षांत तिनं माझ्या हाताचा कधी उल्लेख केला नाही," तो म्हणाला. "आणि शेवटी कंटाळली."

गुरुवारपासून मला जे टोचत होतं, ते आता सांगावंच लागणार होतं. तो नेमकं काय धरून बसलाय ते ठाऊक नव्हतं, पण मला जे ठाऊक होतं ते त्याला नव्हतं.

"क्लिफर्ड, ती कंटाळली नव्हती. तिला दिसत नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. सगळं गमावल्यासारखा चेहरा करून एव्हरिल आदल्या शरद ऋतूत दुकानात आली होती, एकटीच. आधी भिंग मागितलं. माझ्याकडचं सगळ्यात मोठं भिंग लावूनही तिला तारेचं वेटोळं दिसेना. नजरेच्या मधोमध डाग पडलाय, म्हणाली, ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं. डॉक्टरांनी इस्पितळात पाठवायचं ठरवलं होतं. क्लिफर्डला कळू देऊ नकोस, असं तिनं मला बजावलं. त्याला वात घालायला शिकवते आणि मग सांगते, नाहीतर तो घाबरून पुन्हा सिगारेटवर जाईल. मी शब्द दिला. ती गेल्यावरही तो पाळला, कारण आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं होतं.

क्लिफर्ड उठला आणि खणातून एक पाकीट घेऊन आला. मार्चमध्ये आलेलं इस्पितळाचं पत्र होतं, डोळ्यांच्या तपासणीची तारीख कळवणारं. चुकून आलं असेल असं समजून त्यानं ते ठेवून दिलं होतं. तो ते आता सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला.

"मग ती घालायची कशी?" त्यानं विचारलं.

"चाचपून. बोटांनी."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "मी समोरच बसलेलो असायचो. एकदा वर बघितलं असतं तरी कळलं असतं."

तो वळला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"तू मला सांगायला हवं होतंस. ती जिवंत असताना."

"हो," मी म्हटलं.

"शब्द दिला होता असं सांगू नकोस मला."

"नाही सांगत. सांगायलाच हवं होतं."

मी पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले. मी कोट घालेपर्यंत तो तसाच उभा होता. मग खुर्ची ओढून बसला.

"बस. कापूस काढ."

टोपी त्यानं स्वतः काढली, चिमटाही स्वतः धरला. ओढताना जुनी वात मधोमध तुटली, तिचे दोन तुकडे झाले. ते त्यानं तळहातावर घेऊन पाहिले आणि उठून सिंकखालच्या डब्यात चहाच्या चोथ्यावर टाकले. मला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं हात धुतले, पुसले आणि परत येऊन बसला.

मी तार लाल होईपर्यंत तापवली, खरपुडी झाडली आणि कापसाची पट्टी त्याच्यापुढे ठेवली. टोक पिळून अणकुचीदार करायचं आणि वेटोळ्यातून ओवायचं. कापूस किंचित अडला पाहिजे, पण तार ओढली जाता कामा नये. पहिल्यांदा टोक फिसकटलं. दुसऱ्यांदा तार वाकडी झाली. तिसऱ्या वेळी त्यानं शिवी हासडून हात झटकला.

"नाही जमत. बोटं नाहीत इथे."

"त्याच हातानं चाळीस वर्षं सिगारेटी वळल्यास," मी म्हटलं. "परवासुद्धा वळलीस. तेव्हा बोटं कुठून आली?"

त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. मग पट्टी पुन्हा घेतली, पण या वेळी चिमट्यात नाही, तर तंबाखूच्या कागदासारखी अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटामध्ये धरली आणि डाव्या हातानं पिळली. तरी आणखी दोन पट्ट्या वाया गेल्या. सहावी आरपार गेली. टोकं कापून त्यानं ती खालच्या खोबणीत दाबली, वर लिक्विड सोडलं आणि शेवटचा पांढरा ठिपका भिजेपर्यंत थांबला. ते भिजणं तो फार जवळून पाहत होता.

मग त्यानं एक झुरका घेतला. कसं लागतंय, मी विचारलं. कापसाची चव येतेय, म्हणाला. पहिल्या दिवशी येतेच.

मी निघाले तेव्हा दारापर्यंत तो आला नाही.

पुढे तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. चौथ्या आठवड्यात तो व्हेप रुमालात गुंडाळून घेऊन आला, कारण खालून लिक्विड गळत होतं. मी म्हटलं, कापूस कमी पडलाय. तो म्हणाला, तुझा कापूसच भिकार आहे. तंबाखूची ती पुडी त्यानं संपवली होती, हे त्यानं खरं खरं सांगितलं. दुसरी आणली नव्हती. त्यानंतर पाच वर्षं तो दर महिन्याला कापूस न्यायला यायचा. वाती तो नेहमी जरा जाडच घालायचा. मला त्यानं माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.