खोट्या माशावरचे दात

खांद्याच्या ऑपरेशननंतर श्यामकांतांचं गळ फेकणं बंद झालं. निवृत्तीनंतर दर रविवारी वर्सोव्याहून फेरीबोटीनं मढला जायचं आणि खडकावर उभं राहून आमिष म्हणून प्लास्टिकचे खोटे मासे समुद्रात फेकायचे, हा त्यांचा नेम होता. ते खोटे मासे आता देवेशला द्यायचे त्यांनी ठरवलं. देवेश मानखुर्दचा. मढच्या त्याच खडकांवर त्यांनी त्याला हे शिकवलं होतं.

"असे रंग उडालेले कसे देतोस, बाबा? मी नव्यानं रंगवून देते," त्यांची मुलगी गंधाली आपण होऊन म्हणाली.

ती अंधेरीच्या एमआयडीसीत, एका प्रयोगशाळेत प्लास्टिकचे नमुने तपासायची. इथंही ती तशीच पद्धतशीर लागली. गंजलेले गळ पकडीनं काढले. मासे कोमट साबणाच्या पाण्यात भिजत घातले आणि खवल्यांच्या खाचांतलं मीठ जुन्या टूथब्रशनं घासून काढलं. ॲसिटोननं रंग झटकन निघाला असता, पण एकाच्या पोटाखाली कापसाचा बोळा टेकवून पाहिला तर खालचं प्लास्टिकच चिकट झालं. म्हणून मग पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून. गुळगुळीत प्लास्टिकवर नवा रंग धरत नाही, त्यामुळे सगळी चकाकी घालवायची होती. डोक्याजवळ, दोन्ही बाजूंना, बऱ्याच माशांचा रंग आधीच निस्तेज आणि खरखरीत झालेला होता. तेवढंच काम कमी, असं म्हणत तिनं तोही भाग घासून बाकीच्यासारखा करून टाकला.

रविवारी सकाळी देवेश आला तेव्हा मासे हॉलमध्ये वर्तमानपत्रावर वाळत पडले होते. एक तेवढा घासायचा राहिला होता. तो ओट्यावर होता.

"झकास! काका, तो मोठा जिताडा कुठल्यावर आला होता? मी तो किस्सा आपल्या गळवाल्यांच्या ग्रुपवर कितींदा सांगितलाय!"

श्यामकांत वाकून शोधू लागले. "हिनं सगळ्यांना एका माळेचे मणी करून ठेवलंय. ओळखू कसा?"

"मी सांगते ना," गंधालीनं भिंग उचललं. तिला मनापासून उत्सुकता होती. एकेक मासा उलटसुलट करत ती देवेशला दाखवू लागली. "हे खोल ओरखडे बघ. पोटाला आहेत, लांबट आहेत. हे खडकाचे. मासा चावला तर टोचल्यासारखे खड्डे पडतील, दोन्ही बाजूंना, समोरासमोर."

"मग ते कुठंयत?"

"नाहीत. यातल्या एकालाही मासा लागलेला नाही."

प्रयोगशाळेत निकाल वाचून दाखवावा तसं ती बोलून गेली. वाक्य संपल्यावर मात्र ते तिचं तिलाच ऐकू आलं.

देवेश फिस्सकन हसला. "काय काका! म्हणजे जिताडा वर्सोव्याच्या बाजारात लागला होता काय गळाला? तरीच फोटो नाही! आणि मी येड्यासारखा सगळ्यांना सांगत फिरतोय!"

"अरे, फोन खाऱ्या पाण्यात कोण नेतो?" श्यामकांतही हसले, नेहमीपेक्षा मोठ्यानं. "आणि माणसानं म्हातारपणी थोडं वाढवून सांगायचंच असतं."

हे म्हणताना ते वर्तमानपत्राकडे बघत होते. जाताना देवेश दारातून ओरडला, "ग्रुपवर टाकतो हं, काका! आज मजा येणार!"

गंधाली स्वयंपाकघरात आली. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं उरलेला मासा उचलला. डोक्याजवळचा तोच निस्तेज भाग बोटाला लागला. खड्डे नव्हते, नुसती बारीक खरखर होती. मासा उलटला. दुसऱ्या बाजूलाही नेमकी त्याच जागी. खडक असा दोन्हीकडून सारखा कशाला घासेल? तिनं फोनवर जिताड्याच्या जबड्याचे फोटो शोधले. सुळे नव्हतेच. आत बारीक दातांचा नुसता पट्टा होता, थेट पॉलिश पेपरसारखा.

नमुना स्वतःच्या हातानं घासून साफ करायचा आणि मग त्यावर काही नाही म्हणून निकाल द्यायचा! तिचे कान तापले.

ती बाहेर आली. "बाबा, जिताड्याला सुळे नसतात?"

"छे. तोंडात बोट घातलंस तर नुसतं खरखरीत लागतं."

"तुला माहीत होतं! मग बोलला का नाहीस?"

श्यामकांतांचा फोन वाजला, लगेच पुन्हा वाजला. त्यांनी तो टेबलावर पालथा घातला. "तू भिंग लावून त्याला एवढं समजावत होतीस. त्याच्यासमोर तुला खोटं पाडू?"

त्यांनी चिडून म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"मी देवेशला आत्ता कळवते. हा एक उरलाय, याच्यावर खुणा आहेत."

"नको."

"अरे, पुरावा आहे, बाबा!"

"तो म्हणेल, काकांनी पोरीला सांगायला लावलं." ते शांतपणे म्हणाले. "सकाळी तू तिऱ्हाइतासारखी बोललीस गं, म्हणून त्याला पटलं. आता तू माझी मुलगी."

तरीही ती गॅलरीत गेली. उजेडात धरून माशाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. खाली लिहिलं: 'बाकीच्यांवरच्या खुणा मी घासून घालवल्या. चूक माझी आहे, बाबांची नाही. जिताड्याचे दात असेच उमटतात.' पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवलं.

उत्तर लगेच आलं. आधी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, आणि त्यांच्याखाली: 'मुलगी असावी तर अशी!'

"काय म्हणतो?" आतून श्यामकांतांनी विचारलं.

गंधाली दाराशी आली, पण आत पाऊल टाकवेना.

"पटलं म्हणतो," ती म्हणाली.