बोटभर माणसांचे डोळे

माघ सरत आला होता. कुरुंदवाडच्या घाटावर पहाटे धुकं उतरायचं, पंचगंगेच्या श्यामल, संथ पाण्यावर घटकाभर रेंगाळायचं, आणि उगवतीच्या केशरी उजेडात हळूहळू विरून जायचं. पलीकडच्या मळ्यांत ऊस तुटत होता. गुऱ्हाळांचा गोड, ओलसर धूर गल्लीबोळांत शिरत होता. गावाला लग्नसराईची चाहूल लागली होती.

घाटाकडे उघडणारी एक खिडकी होती. तिच्यातून येणारा उजेड असा, की चित्रकारानं देवाकडे मागून घ्यावा. शुभ्र, शीतल, निश्चल. सावलीलासुद्धा मऊ करणारा. खिडकीखाली एक शिसवी फळी, फळीवर जुन्या लुगड्याचं जांभळं फडकं, आणि फडक्याखाली बोटभर उंचीची मातीची माणसं. उजेड रोज यायचा, फडक्यावर बसायचा, वाट पाहायचा आणि निघून जायचा.

ही खिडकी विद्याधर कुंभोजकरांची. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून नुकतेच निवृत्त झालेले सर. हात असा, की शाडूच्या गोळ्यातून करंगळीएवढी बाई काढावी आणि तिच्या नाकातली नथसुद्धा दिसावी! पण नुसत्या हाताला घेऊन काय करता? हात गुणी आणि मालक आळशी. अर्थात, आळशी म्हटलेलं सरांना खपायचं नाही. ते म्हणायचे, वेळ मिळत नाही.

दसऱ्याला केतकीचं लग्न ठरलं, मिरजेच्या खाडिलकरांकडे. एकुलती एक लेक. सर त्या आनंदात म्हणाले, "रुखवत मी करणार. लोकरीची तोरणं नकोत, सुपारीचे भटजी नकोत. तुझं सगळं लहानपण मांडतो मातीत. सासरी काचेच्या कपाटात ठेव आणि माहेर आठवलं की बघ." केतकी लहान पोरीसारखी टाळ्या पिटत नाचली. तिनं ही गोष्ट होणाऱ्या नवऱ्याला सांगितली, सासूला सांगितली, साऱ्या मिरजेला सांगितली. रजनीताईंनी, म्हणजे तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, कपाटातला एक कप्पा रिकामाही करून ठेवला.

आणि खरंच, आश्विनातल्या त्या सोनसळी दिवसांत सरांच्या बोटांना पालवी फुटली. तुळशीपाशी रांगणारी केतकी झाली. दोन वेण्यांची, दप्तर फरफटत नेणारी केतकी झाली. घाटाच्या पायरीवर आईच्या कुशीत ओली कुडकुडणारी केतकी झाली. आणि सगळ्यांच्या मध्ये, वाडीच्या जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेली, हातात भिरभिरं धरलेली केतकी झाली. परकर रंगले, झबली रंगली, आईच्या लुगड्याचा काठ अर्धा रंगला. राहिले ते फक्त डोळे.

डोळे शेवटी, हा सरांचा नेम. मूर्तिकारांच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी शेवटीच होते. डोळे उघडले की माती बघायला लागते, मग तिच्यासमोर हात चुकलेला चालत नाही, असं ते मुलांना शिकवायचे. नेम चांगला होता. चांगल्या नेमाच्या आड दडून बसायला फार बरं असतं.

कधी उजेड मनासारखा नव्हता. कधी ब्रशाचे केस फिसकटलेले होते. कधी पेपर वाचायचा होता, कधी चहा व्हायचा होता, कधी कोणी ओसरीवर येऊन बसलं होतं. सर खिडकीपाशी यायचे, फडक्याचं टोक उचलायचे, त्या आंधळ्या, गोऱ्या, वाट पाहणाऱ्या चेहऱ्यांकडे बघायचे आणि टोक खाली सोडायचे. उद्या ताज्या हातानं बसू. उद्या तरी काय वेगळं, पळसाला पाने तीनच!

केतकी विचारायची, "बाबा, कुठवर आलं?"

"होत आलंय."

शोभना, त्यांची बायको, विचारायची, "अहो, झालं का ते?"

"होत आलंय गं."

अपुरं काम कोणी बघू नये, असा सरांचा दंडक. म्हणून फडकं कोणी उचललं नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौषातली भाकड थंडी गेली. दिवाळीतला ओला रंग वाटीतच वाळून त्याला भेगा पडल्या.

लग्नाच्या आदल्या दुपारी मात्र सर बसले. खरोखर बसले. पाणी घेतलं, शून्य नंबरचा ब्रश ओठांत ओला करून टोकदार केला, काळा रंग घोटला. तेवढ्यात थोरल्या भावाचा स्टँडवरून फोन आला, की गुडघे धरलेत, न्यायला ये. सरांनी फडकं टाकलं आणि निघाले. खरं सांगायचं तर जरा हायसंच वाटलं त्यांना.

परत आले तर फळी जागेवर नव्हती. रुखवताच्या टेंपोत लाडू, करंज्या, भातुकली यांच्यासोबत तीही मंगल कार्यालयात गेली होती. शोभना पदरानं घाम पुसत म्हणाली, "तुमचं तेवढं राहिलं असतं हो, मीच आठवणीनं पाठवलं. झालंय ना सगळं?"

हीच ती वेळ होती. एक 'नाही' म्हटलं असतं, तर कोणी सायकलवरून जाऊन फळी परत आणली असती. पण सरांनी बायकोच्या थकल्या, उजळ चेहऱ्याकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले.

सकाळी लवकर जाऊन गुपचूप करून टाकू, असा त्यांचा बेत. पण लेकीच्या बापाची लग्नाची सकाळ त्याची स्वतःची असते का? सनई सुरू झाली, भटजी आले, आणि सर सोवळ्यात पाटावर अडकले. पुण्याहवाचन चाललेलं. हळदीनं माखलेली, पिवळ्या अष्टपुत्रीतली केतकी शेजारी बसलेली. समोर, दालनाच्या टोकाला, रुखवताच्या टेबलावर ते जांभळं फडकं. भटजी पळी फिरवत होते, मंत्र घुमत होते, आणि यजमान फडक्याकडे बघत होता. तीनदा त्यांनी चुकीच्या हातानं आचमन केलं. उठता येत नव्हतं.

विधी संपतात न संपतात तोच वऱ्हाडातल्या बायका रुखवत बघायला आल्या. पैठण्यांची सळसळ, गजऱ्यांचा गंध, बांगड्यांची किणकिण. सर पाटावरून उठले, धावले. पण मानाचं फडकं विहीणबाईंनीच उचलायचं होतं. रजनीताईंनी ते दोन बोटांनी, देवावरचं निर्माल्य काढावं तसं अलगद उचललं.

बायका पुढं झुकल्या.

रांगणारीला डोळे नव्हते. वेण्यांवालीला डोळे नव्हते. कुडकुडणारीला नव्हते, तिला कुशीत घेणारीला नव्हते. रंगीबेरंगी कपड्यांतली ती कोऱ्या चेहऱ्यांची माणसं, सनईच्या सुरांत, शंभर डोळ्यांसमोर उघडी पडली. मागून कोणीतरी पुटपुटलं, "अगंबाई, अपुरंच की!"

धरणीनं पोटात घ्यावं असं माणूस म्हणतो. धरणी कधी घेत नाही. कार्यालयाची फरशी घट्टच राहिली.

आणि मग मागोमाग आलेली केतकी बोलली. बापाकडे न बघता, हळदीचे हात जपत, रजनीताईंकडे बघून हसत बोलली.

"आई, आमच्याकडे रीत आहे. रुखवतातल्या बाहुल्यांचे डोळे माहेरी उघडत नाहीत. सासरी गेल्यावर बाप येऊन उघडतो. म्हणजे तिथलंच घर त्यांना पहिल्यांदा दिसतं."

"आणि हा लुगड्याचा काठ गं?" एका चौकस मामींनी विचारलं.

"तोही तिथंच," केतकी म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही.

रजनीताईंचे डोळे भरून आले. "किती गोड रीत!" त्या म्हणाल्या. बायकांत कौतुकाची लहर पसरली. सरांची थोरली वहिनी, जिनं जन्मात असली रीत ऐकली नव्हती, ती तर सांगू लागली, की आमच्या आजेसासूबाई याबाबतीत फार कडक होत्या. शोभनानं मात्र नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि फडक्याची घडी घालायला घेतली.

सरांची अब्रू वाचली होती. पण सरांना लाज वाटली. अशी लाज, जी पूर्वी कधी वाटली नव्हती. चारचौघांत पडलेला माणूस कपडे झटकून उठतो. इथं त्यांना उचलायला लेक वाकली होती, आणि वाकताना तिचा शुभ्र पदर चिखलात गेला होता. सासरच्या माणसांशी पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, ती खोटं बोलली होती. तेही किती सहज, किती सफाईनं! त्या सफाईतलं वळण सरांनी ओळखलं. ते घरचंच होतं.

अक्षता पडल्या. वरात गेली. फळीही केतकीच्या मांडीवर बसून मिरजेला गेली.

आता बाप दुसऱ्याच दिवशी धावला असेल, असं वाटतं ना? कुठलं काय! आधी शीण होता. मग पाहुणे होते. मग कोणत्या तोंडानं जायचं, हा मोठा प्रश्न होता; लाजेलासुद्धा सबब करता येते. फाल्गुन लागला, घाटावरचा पांगारा लालभडक फुलला, खिडकीतला उजेड रिकाम्या जागेवर येऊन बसू लागला.

एका सकाळी केतकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती सहज म्हणाली, "सासूबाई आज पुन्हा विचारत होत्या, बाबा कधी येणार म्हणून."

"मग?"

"मी सांगितलं, बाबा तिकडं डोळ्यांचा रंग घोटतायत." ती थांबली. "म्हटलं, होत आलंय."

आवाज तिचा, शब्द त्यांचे. सरांनी फोन खाली ठेवला. चुलीवर चहा उकळत होता. शोभनानं कप पुढं केला, तर ते म्हणाले, "आल्यावर." आणि ब्रशांचा डबा काखेत मारून, चपला नीट न अडकवताच निघाले. मिरजेची एसटी फलाटावर लागलेलीच होती.

खाडिलकरांच्या पूर्वेच्या सोप्यात उजेड बरा होता, फार चांगला नव्हता. ब्रशाचे केसही थोडे फिसकटलेलेच होते. सर बसले. श्वास रोखला, आणि रांगणारीचे डोळे उघडले. काजळाएवढी एक रेघ, मोहरीएवढा एक ठिपका, आणि माती बघू लागली. रजनीताईंनी दारातूनच हात जोडले. त्या हातांकडे सरांना बघवेना.

एका बैठकीत एकच चेहरा, असं त्यांनी ठरवलं, आणि दर रविवारी ते येत राहिले. चहा नंतर, पेपर नंतर, गप्पा नंतर. आधी डोळे. वेण्यांवाली बघू लागली. कुडकुडणारी बघू लागली. आई बघू लागली. तिच्या लुगड्याचा काठही पुरा झाला. खांद्यावरच्या केतकीचे डोळे टपोरे, चकित, साऱ्या जत्रेला पिऊन टाकणारे झाले. शेवटी राहिला तो बाप.

त्या रविवारी केतकी शेजारी येऊन बसली. सोप्यात दुसरं कोणी नव्हतं. सरांनी बराच वेळ ब्रश नुसता धरून ठेवला, मग वाकले, दोन बारीक रेघा ओढल्या आणि ब्रश पाण्यात बुडवला.

"बाबा, याचे डोळे मिटलेत?"

"मिटले नाहीत. खाली बघतोय तो."

केतकीनं फळी उजेडाकडे फिरवली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं वडिलांच्या बोटावरचा काळा रंग आपल्या पदरानं पुसला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

चैत्राचं कोवळं ऊन फळीवर आलं होतं. वर रंगीत भिरभिरं. त्याखाली टक्क उघडे दोन डोळे. आणि त्याही खाली, तिची इवली पावलं दोन्ही हातांनी छातीशी धरून, खाली बघणारा बाप.