दुसरा कॅप्टन निरंजन

जयंतीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा स्थळ आणणाऱ्या मावशीने एक गोष्ट जरा आवाज खाली आणून सांगितली होती. मुलगा चांगला, औषधांच्या कंपनीत कायम नोकरी, सुपारीचंही व्यसन नाही. फक्त मध्यंतरी सिनेमाच्या नादाला लागला होता. एकात तर हीरोच होता म्हणे. तो सिनेमा आपटला आणि पोरगा ताळ्यावर आला.

तो सिनेमा कुठला हे जयंतीला लग्नानंतर कळलं. कॅप्टन निरंजनचा. हेर कॅप्टन निरंजन माहीत नाही असं घर तेव्हा मुंबईत नसेल. पहिले चार चित्रपट देवकांतने केले आणि तो देव झाला. मग निर्मात्याशी त्याचं फाटलं, तेव्हा राज्य नाट्यस्पर्धेत चमकलेल्या विद्याधर सामंतला उचलून आणलं, त्याचं नाव 'विनीतराज' ठेवलं आणि त्याला निरंजन केलं. लोकांनी थेटरात शिट्ट्या मारल्या, त्याही चिडवण्याच्या. एका चित्रपटात विनीतराज संपला. त्याच्या जागी जगराज आला आणि तो १९८६ साल उजाडलं तरी इमारतींवरून उड्या मारत होता.

जयंतीने तो मधला चित्रपट कधी पाहिला नव्हता. सुरुवातीला एकदा तिने विचारलं होतं, कसं होतं हो ते सगळं? विद्याधरने पेपरची घडी घातली आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्यानंतर तिने विषय काढला नाही. मुलुंडच्या या सोसायटीत त्यांना येऊन तीनच वर्षं झाली होती. जाड मिशी, चष्मा आणि मागे हटलेले केस यांच्याआड इथे कुणाला काही दिसलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असे. त्या वर्षी सेक्रेटरी श्यामकांतने टूम काढली की पूजेबरोबर व्हिडिओ आणायचा. श्यामकांत देवकांतचा भक्त. तळमजल्यावरचा खंडू व्यायामशाळेत जाणारा, तो जगराजचा. दोघांची फाटकाशी रोजची जुंपलेली. तेव्हा एकदा सोक्षमोक्षच लावू असं ठरलं. एका दिवसात तिन्ही निरंजन.

"मधला कशाला आणतो, यार?" खंडू म्हणाला.

"तोंडी लावायला. जरा हसू."

विद्याधर तेव्हा जिन्याच्या पायरीवर उभा राहून चपलेचा पट्टा लावत होता. पट्टा तसाच सोडून तो वर आला.

"मी सव्वीसला सकाळीच नाहूरला ताईकडे जाईन," तो जयंतीला म्हणाला. "तूही शाळेतलं झेंडावंदन झालं की परस्पर तिकडेच ये."

"मी थांबते. मला बघायचाय."

विद्याधरने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा चिडणार. पण तो एवढंच म्हणाला, "बघ. मी जेवायच्या वेळेला येईन. पण मी कोण ते कुणाला सांगू नकोस."

तिने हो म्हणून मान हलवली.

सोसायटीच्या ऑफिसच्या खिडक्यांना चादरी लावून काळोख केला होता. बायका सतरंजीवर, पुरुष मागे खुर्च्यांवर. जयंती झेंडावंदनाच्या पांढऱ्या साडीतच येऊन बसली. शेजारी जानकीमावशी होत्या. मूळच्या मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते, आता मुलगा बाळा फायर ब्रिगेडमध्ये.

पहिला लागला देवकांतचा. त्याचा रुबाब खरंच पाहण्यासारखा होता. दारातून आत आला की खोली त्याची होऊन जायची. निरंजनच्या प्रत्येक चित्रपटात एक ठरलेला प्रसंग असे: साहेबांचा फोन येतो, एकट्याने जायचंय, परत येशील याची खात्री नाही. देवकांतने फोन ऐकला, एक भुवई उचलली, हसला, कोट खांद्यावर टाकला आणि निघाला. श्यामकांतने मागे वळून खंडूकडे असं पाहिलं की जणू तो कोट त्यानेच शिवलाय.

कॅसेट बदलली तशी जयंती सावरून बसली. लग्नानंतरची सात वर्षं तिने मनात एक समजूत धरून ठेवली होती, की लोकांना कळलं नसेल, नशीब आड आलं असेल. पण तो खरंच वाईट असेल तर? मग आज घरी त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघायचं?

सुरुवात वाईटच झाली. पडद्यावर तिचाच नवरा, मिशी नसलेला, भरपूर केसांचा, बागेत गाणं म्हणत होता. हात कुठे ठेवायचे हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. सगळी खोली हसली. जयंतीलाही हसू आवरेना, तिने पदर तोंडाला लावला.

मग तो फोन आला.

विनीतराजने ऐकून घेतलं. रिसीव्हर खाली ठेवला आणि त्यावरचा हात काढलाच नाही. थोडा वेळ तसाच बसला. मग वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. गाठ चुकली. ती सोडून परत बांधली. उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, दिवा मालवला आणि गेला. चेहरा क्षणभरच दिसला. त्या चेहऱ्यावर भीती होती आणि ती लपवायची त्याला घाईही नव्हती.

खंडू मघापासून शिट्टी मारायला बोटं तोंडाशी नेऊन बसला होता. ती तशीच राहिली.

"ह्यो भियाता," जानकीमावशी त्या शांततेत म्हणाल्या. "तरी जाता. माझो बाळो तसोच. आगीत शिरताना दर वेळेक भियाता, माका सांगता. तरी जाता. आधीचो नुसतो मिरवत होतो."

मागून कुणीतरी "खरंय" म्हटलं. त्यानंतर हसणं थांबलं. मारामारीत विनीतराज मार खायचा तेव्हा खरोखर लागल्यासारखा खायचा. शेवटी गोदाम पेटतं. देवकांत अशा वेळी आगीकडे पाठ करून सिगारेट शिलगावत असे. हा धुरातून बाहेर आला, मागे सोबती दिसला नाही म्हणून पुन्हा आत गेला, आणि त्याला ओढत बाहेर घेऊन आला. जानकीमावशींनी जयंतीचा हात कधी घट्ट धरला ते दोघींनाही कळलं नाही.

सात वर्षं जयंती ज्या माणसाला चहा देत होती, ज्याच्याशी रॉकेलच्या रांगेवरून भांडत होती, तो माणूस एवढं मोठं काम करून गप्प बसला होता.

दिवा लागला. कुणी लगेच उठेना.

"हा नंतर कुठे गेला असेल रे?" खंडूने विचारलं.

"जाणार कुठे? दारू पिऊन मेला असेल," श्यामकांत म्हणाला. "असल्यांचं हेच होतं."

जयंती उभी राहिली. दिलेला शब्द तिला आठवत होता. तरी ती बोलली, वर्गात शिकवताना बोलायची तसं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

"मेला नाही. नाहूरला बहिणीकडे गेलाय. जेवायच्या वेळेला येईल."

कुणाला काही उमगलं नाही. सगळे तिच्याकडे पाहत राहिले.

"तिसऱ्या मजल्यावर राहतो," ती म्हणाली. "माझा नवरा आहे तो."

खंडूने धावत जाऊन कॅसेट मागे घेतली आणि चित्र थांबवलं. पडद्यावर रेघा थरथरत होत्या, पण नाक तेच होतं, कानही तेच. सगळे खोलीभर कुजबुजू लागले. श्यामकांतचा चेहरा पडला.

"वहिनी, मी आपलं सहज बोलून गेलो. तुम्ही मनावर घेऊ नका."

"तुम्ही गाण्यात हसलात ते बरोबरच होतं. मीसुद्धा हसले. पण श्यामकांत, तुम्ही देवकांतचा प्रत्येक सिनेमा पाहिलाय. मला खरं सांगा, तो फोन त्याला असा जमला असता?"

श्यामकांत हट्टी होता, पण आवडत्या गोष्टीबद्दल खोटं बोलणारा नव्हता. त्याने बराच विचार केला.

"नसता जमला," तो म्हणाला. "त्याला कधी भीती वाटलेली मी पाहिलीच नाही."

विद्याधर आला तेव्हा मंडळी अंगणात प्रसाद घेऊन उभी होती. फाटकातून आत पाऊल टाकताच बोलणी थांबली. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग जयंतीकडे. तिने नजर खाली घातली नाही. हा आता रागावून वर निघून गेला तरी चालेल, असं तिने ठरवलं होतं.

तो वर जायच्या आत जानकीमावशी पुढे झाल्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि लेकाची दृष्ट काढावी तशी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"बरा केलंस हां, झिला."

खंडूने खुर्ची आणली. मग श्यामकांतनेच विचारलं, "सामंत, तो फोनचा सीन तसा करायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

विद्याधर खुर्चीवर टेकला. इतक्या वर्षांनी बोलताना त्याचा आवाज आधी जरा अडखळला.

"दिग्दर्शक म्हणाले, देवकांत करतो तसं कर. करून पाहिलं. देवकांत हसला की वाटतं, याला कोण मारणार? मी हसलो की वाटायचं, याला काही कळलेलंच नाही. मग मी म्हटलं, एकदा माझ्या पद्धतीने घ्या. त्यांनी घेतलं आणि ठेवलं."

"आणि निर्माता?"

"थेटरातल्या शिट्ट्या त्याने ऐकल्या. म्हणाला, पुढचा चित्रपट देतो, पण देवकांतची हुबेहूब नक्कल करायची. तसं कागदावर लिहून दे." विद्याधरने चष्मा पुसला. "मी नाही म्हटलं आणि घरी आलो."

जयंती हे पहिल्यांदा ऐकत होती. चित्रपट आपटला म्हणून हा बाहेर फेकला गेला, असंच सगळे सांगत आले होते. दार त्याने स्वतः ओढून घेतलं होतं हे त्याने आईला, बहिणीला, बायकोला कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आत्ता स्थळ आणणारी ती मावशी इथे हवी होती.

"मग पस्तावलात?" खंडूने विचारलं.

"बरीच वर्षं," विद्याधर म्हणाला.

दुपारी जगराजचा चित्रपट लागला. विद्याधरला पुढे बसवलं. जगराजने चौथ्या मजल्यावरून ट्रकच्या ताडपत्रीवर उडी टाकली तेव्हा पहिली टाळी त्याची होती.

"हे मला जन्मात जमलं नसतं," तो खंडूला म्हणाला. "बघ, पडता पडता पुढे कुठे धावायचं ते बघतोय तो. मोठी गोष्ट आहे."

खंडू खूश झाला. त्या दिवशी सोक्षमोक्ष काही लागला नाही. श्यामकांत देवकांतचाच राहिला आणि खंडू जगराजचा. पण संध्याकाळी फाटकाशी भांडताना आता नावं तीन होती.

घरी आल्यावर जयंतीने भाताचा कुकर लावला. विद्याधर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"शब्द मोडलास," तो म्हणाला.

"मोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन."

तो हसला. मग तिथेच दाराला टेकून, परीक्षेचा निकाल विचारावा तसं त्याने विचारलं, "कसा होतो मी?"

"गाण्यात भयंकर. झाडाला धरून उभं राहावं तर झाडसुद्धा अवघडलेलं दिसत होतं."

"ते झाड पुठ्ठ्याचं होतं. मी टेकलो की हलायचं."

"आणि बाकी ठिकाणी," जयंती म्हणाली, "मला इतका अभिमान वाटला की मी सगळ्यांसमोर रडले असते. जानकीमावशींनी हात धरला म्हणून वाचले."

विद्याधर स्टूल ओढून ओट्याजवळ बसला, चष्मा काढून बाजूला ठेवला, आणि शूटिंगच्या पहिल्या दिवशी स्टुडिओच्या रखवालदाराने त्याला हीरो म्हणून न ओळखता कसं बाहेर उभं करून ठेवलं, ते सांगू लागला. कुकरच्या शिट्टीत शब्द बुडायला लागले तशी जयंतीने गॅस बंद केला आणि ती म्हणाली, "हं, मग? पहिल्यापासून सांगा."