पहिली पसंती

आमच्या घरात ती पुस्तिका पूर्ण वाचली फक्त मी, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

पुस्तिका विद्यापीठाच्या प्रवेशाच्या नियमांची होती, बेचाळीस पानांची. बाकीच्यांनी ती संगणकावर वरवर चाळली. मला पडद्यावर वाचणं जमत नाही, अक्षरं पोहल्यासारखी दिसतात, म्हणून मुलाने आपल्या चष्म्याच्या दुकानातून छापून आणली. मी उभं आयुष्य लाकडी सामानाला पॉलिश करण्यात घालवलं आणि अक्षरं शिकलो एकसष्टाव्या वर्षी, संध्याकाळच्या वर्गात. त्यामुळे मी बोट ठेवून वाचतो आणि काहीही गाळत नाही.

प्रवेश नातीचा होता. लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणू लागलो, ते नाव राहिलं. आता ती तासन्‌तास एकाच खुर्चीत बसते. परीक्षेत भरपूर गुण मिळाले त्या दिवशीसुद्धा ती "बरं" म्हणाली आणि आंघोळीला गेली.

तिच्या खिडकीत काचेच्या चौदा बरण्या होत्या. इमारतींचे पाये खणतात तिथून ती मूठभर माती आणायची, बरणीत पाणी घालून हलवायची आणि ठेवून द्यायची. खाली वाळू बसते, वर बारीक गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. ओल्या मातीची अंगठ्याने पट्टी ओढून ती सांगायची, ही पाणी धरेल, ही सोडून देईल. मृदाशास्त्र नावाचं काही शिकता येतं हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं.

अर्ज भरायच्या रविवारी चौघं संगणकाभोवती बसलो. विषय पसंतीच्या क्रमाने लावायचे होते.

"माती तिसरी ठेव," सूनबाई म्हणाली. ती शाळेच्या कार्यालयात काम करते, अर्ज भरण्यात तिचा हात धरणारं आमच्यात कुणी नाही. "संगणक दुसरा. तोच मिळणार आहे, आणि तोच बरा. शिकून बाहेर पडली की नोकरी समोर उभी."

"आणि पहिला?" मुलाने विचारलं.

"दंतवैद्यक."

"अगं, ते कुठलं लागतंय? गेल्या वर्षीचे आकडे बघ की."

"लागणार नाहीच. पण ताई विचारेल ना, काय काय भरलं म्हणून. सांगता तर येईल, पहिला नंबर दंतवैद्यकालाच दिला होता, थोडक्यात हुकलं." ताई म्हणजे तिची मोठी बहीण. तिचा मुलगा डॉक्टर आहे आणि ते ती विसरू देत नाही.

"म्हणजे नुसतं शोभेला?"

"शोभेला तर शोभेला. फुकट आहे."

मुलगा हसला. "भिंगरे, चार वर्षं माती चिवडण्यापेक्षा लोकांचे दात उपटलेले काय वाईट? तुला काय वाटतं?"

"चालेल," भिंगरी म्हणाली.

मी सत्ताविसावं पान काढलं आणि वाचलं, "उमेदवारास प्रथम पसंतीची जागा मिळाल्यास तो पुढील फेऱ्यांतून आपोआप बाद होईल."

"आबा," मुलगा म्हणाला, "तुम्ही वाचायला शिकल्यापासून या घरात एक कागद सुखाने राहत नाही."

"तसं नसतं ते," सूनबाई समजावणीच्या सुरात म्हणाली. "नंतर बदलून घेता येतं. तुम्ही एक ओळ वाचता, तिच्या मागेपुढे दहा ओळी असतात."

त्या दहा ओळीही मी वाचल्या होत्या. तरी खोलीत जाऊन पुन्हा वाचल्या. तिसऱ्या वेळी मलाच संशय आला. 'बाद' म्हणजे आम्ही समजतो तेच, की कायद्यात त्याचा काही निराळा अर्थ असतो? सूनबाई रोज असली परिपत्रकं हाताळते, मी दहा वर्षांपूर्वी बाराखडी गिरवत होतो. बाहेरून सूनबाईने विचारलं, "सगळ्यांचं झालं ना? करू का पक्कं?" मी काही बोललो नाही. तिने बटण दाबलं.

अकराव्या दिवशी यादी लागली. त्या वर्षी दंतवैद्यकाची दोन नवी महाविद्यालयं निघाली होती, जागा वाढल्या होत्या. भिंगरीला पहिली पसंती मिळाली.

सूनबाईने तो निरोप दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. नंतर मुलाने एका मित्राला फोन केला, मग आणखी एकाला, आणि तिसऱ्या फोनपर्यंत त्याचा आवाज अभिमानाने चढला होता. संध्याकाळी ताईंचा फोन आला तेव्हा सूनबाई सांगत होती, "नाही गं, तिच्या मनात आधीपासून तेच होतं." घरात कुणी खोटं बोलत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना तोवर ते खरं वाटू लागलं होतं.

"झालं ना मनासारखं?" मुलाने भिंगरीला विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

जागा घेणार की सोडणार, हे दोन दिवसांत तिने विद्यापीठात जाऊन स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं होतं. मुलाला आणि सुनेला रजा नव्हती, म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. लांबलचक वऱ्हांडा, भिंतीला टेकून लोखंडी बाकं, आमचा क्रमांक एकशे बारा, आणि आत चालू होता त्र्याण्णव. मला राहवेना.

"भिंगरे, मला तो नियम समजला होता. मी जोर धरला नाही."

"हं."

"मला वाटलं, माझंच वाचण्यात चुकलं."

"नव्हतं चुकलं." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "मीही वाचला होता. पुस्तिका आली त्याच दिवशी."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "मग बोलली का नाहीस?"

"काय माहीत. वाटलं, लागलं तर लागलं. ठरून जाईल."

"आणि माती?"

आतून चौऱ्याण्णव, पंच्याण्णव असे दोन क्रमांक पुकारले गेले.

"आबा, ती एकच गोष्ट मला आवडायची. ती शिकायला गेले, परीक्षा दिल्या, आणि मग तीही नाही आवडली तर?"

मला माझं काम आवडायचं की नाही, हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

खिडकीतल्या बाई थकलेल्या पण भल्या होत्या. कागदपत्रं पाहून त्या म्हणाल्या, "स्वीकार की रद्द?"

"रद्द केलं तर ती पार बाहेर?" मी विचारलं.

"फेऱ्यांतून बाहेर. पण शेवटी रिकाम्या जागा इथेच भरतात. मृदाशास्त्राच्या दरवर्षी पडूनच असतात, आजोबा. तिथे कुणीही आलं तरी आम्ही घेतो. दंतवैद्यक मात्र एकदा सोडलं की गेलं." त्यांनी एक कोरा कागद सरकवला आणि भिंतीवर चिकटवलेला नमुना दाखवला. "यातलं एक लिही बाळ. पहिलं किंवा दुसरं. खाडाखोड नको."

भिंगरी लिहायला लागली. मी तिच्या खांद्यावरून एकेक शब्द वाचत होतो. मला मिळालेली. दंतवैद्यकाची जागा. मी स्वखुशीने.

तिथवर दोन्ही नमुने सारखेच होते. तिथे ती थांबली.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चला की, कादंबरी लिहिताय काय?"

मला बोलता आलं असतं. सोड म्हणून सांगता आलं असतं. मी तिच्या हाताकडे पाहत उभा राहिलो.

"हा शब्द नाही लिहिला तर चालेल?" तिने विचारलं.

"कुठला?"

"स्वखुशीने."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चालेल. त्याने काही अडत नाही. पण मग कागद नवा घे."

भिंगरीने नवा कागद घेतला. या वेळी ती न थांबता लिहीत गेली. मला मिळालेली दंतवैद्यकाची जागा मी स्वीकारत आहे. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर सुंदर होतं.

बाईंनी शिक्का मारला आणि एकशे तेरा म्हणून हाक दिली.