दरीवरची तार

“तार मी ओढलेली आहे, साहेब,” लाइनमन म्हणाला. “म्हणून विचारतोय.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर उभा असलेला माणूस सत्तावन्न वर्षांचा, निवृत्तीला चौदा महिने राहिलेला. आजवर रजेच्या अर्जापलीकडे त्याने या ऑफिसात काही मागितलं नव्हतं.

“काका, चौकशी झाली, अहवाल आला. ढग खाली उतरले आणि तो पोरगा माघारी फिरायचं सोडून दरीत शिरला. चूक वैमानिकाची. आपल्या तारेची उंची नियमात बसते, विमानांना ती दिसावी म्हणून गोळे लावायची सक्ती नाही. आता आपणहून लावले तर लोक विचारतील, आधी का नाही लावले? काय सांगणार?”

“सुचलं नव्हतं, असं सांगायचं.”

“अहो, असं कुठं सांगतात का! आणि हे बघा, या प्रकरणात कुणालाही काही लिहून द्यायचं नाही. सही तर अजिबात नाही. शेवटच्या वर्षी पेन्शन लटकवून घेऊ नका.”

लाइनमन “बरं” म्हणाला, पण जागचा हलला नाही. शेवटी साहेबच उठून जेवायला गेले.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी दरीवरची लाइन अचानक बंद पडली होती. बिघाड शोधायला त्यालाच पाठवलं. झाडबिड पडलं असेल अशा समजुतीने तो जोडीदाराला घेऊन नदीकाठाने निघाला. वळणावर सगळ्यात वरची तार तुटून खालच्या तारांवर पडलेली दिसली. तुटलेल्या टोकाला पांढरा रंग लागला होता. तारेला कुणी रंग देत नाही. त्याने मान वळवून नदीकडे पाहिलं.

दरडी कुठे कोसळल्यात त्याचे फोटो काढायला निघालेलं ते दोन माणसांचं लहान विमान धोंड्यांमध्ये उलटं पडलं होतं. वैमानिक सव्वीस वर्षांचा. फोटोवाल्याचे नकाशे पाण्यावर पसरले होते. लाइनमनने ते एकेक करून वेचले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुपारी दोघांचे मृतदेह वर नेले. खालच्या गावातलं हॉस्पिटल विजेवाचून अडलं होतं, त्यामुळे लाइन त्याच दिवशी सुरू करणं भाग होतं. तार त्यानेच जोडली. होती तिथे, होती तशी. हे त्याला त्या दिवशी खटकलं नाही, आठवड्याने खटकलं, आणि मग मात्र ते मनातून जाईना.

रजा टाकून तो धावपट्टीवर गेला. गेलेल्या मुलाला शिकवणाऱ्या वैमानिक बाई विमानाची काच पुसत होत्या.

“तुम्ही वीजवाले ना? भांडायला आलात?”

“नाही. वरून माझी तार कशी दिसते ते बघायचंय.”

“तुमची?”

“मीच ओढली. एकोणीस वर्षं झाली.”

बाईंनी काच पुसायचं थांबवलं. मग फडकं झटकून म्हणाल्या, “वजन किती?”

“बासष्ट.”

“बसा. पट्टा आवळून घ्या.”

त्यांनी विमान डोंगरमाथ्याच्या बरंच वर ठेवलं. आभाळ स्वच्छ होतं, तरी एका माथ्यावरून जाताना विमान खड्ड्यात पडल्यासारखं खाली गेलं आणि लाइनमनने दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

“आपण वर आहोत म्हणून चाललं,” बाई म्हणाल्या. “वारा डोंगर ओलांडून पलीकडे खाली आदळतो. खालून जाणाऱ्याला घेऊनच आदळतो. इंजिन कितीही ओरडलं तरी विमान वर चढत नाही. दरी पुढे अरुंद होते, आणि वळायचं म्हणेस्तोवर वळायला जागाच नसते. म्हणून दरीच्या मधोमध जायचं नाही, एका कडेने जायचं. मग निदान सगळी रुंदी वळायला मिळते. त्याला शंभरदा सांगितलं असेल मी.”

“मग?”

“मग काय! ढगाने कडा झाकल्या. तो नदी धरून मधोमध खाली आला. चुकला. मी नाही म्हणत नाही, चुकलाच.” त्यांनी विमान हळूच एका अंगावर कलतं केलं. “ही तुमची दरी. शोधा तार.”

नदीचं वळण त्याने लगेच ओळखलं. तार वळणाच्या अलीकडेच असणार. त्याने डोळे बारीक केले, काचेला नाक लावलं. धोंडे दिसत होते, पाण्याचा फेस दिसत होता. तार नव्हती.

“कुठंय?”

“आम्हालाही नाही दिसत. आम्ही टॉवर शोधतो आणि त्यावरून तारेचा अंदाज बांधतो. तुमचे टॉवर शोधा बघू.”

ते सापडायला आणखी दोन फेऱ्या लागल्या. झाडीत झाडासारखेच उभे होते. टॉवर डोळ्यांना खुपू नयेत म्हणून हिरवे रंगवा, असा सहा वर्षांपूर्वी हुकूम आला होता. त्यानेच रंगवले होते, दोन-दोन हात देऊन, आणि त्या वेळचे साहेब ‘वा!’ म्हणाले होते.

विमान उतरेपर्यंत तो बोटांवर हिशेब करत होता. खाली पाय टेकल्यावर म्हणाला, “नऊ लागतील.”

“काय?”

“गोळे. नारिंगी.”

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “अहो, जन्मभर लोकांच्या घरात उजेड पाडलात, आता शेवटच्या वर्षी काय डोक्यात अंधार घेऊन बसलात? तारेवर लटकायला माणसं नाहीत का दुसरी?”

“आहेत. पण अजून लावायचे ठरलेत कुठं?”

“तुम्ही मनात घेतलंत म्हणजे ठरलं. पस्तीस वर्षं बघतेय मी.” आणि तिने रागारागाने त्याच्या दुखऱ्या खांद्याला तेल चोळायला घेतलं.

त्यानंतर दर सोमवारी तो साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसू लागला. हातात अर्ज. बोलणं नाही, तक्रार नाही. शिपाई आत जाऊन सांगायचा, “साहेब, सोमवार आलाय.” सातव्या सोमवारी साहेबांनी अर्ज ओढून घेतला.

“दुसऱ्या कामातले गोळे स्टोअरमध्ये पडून आहेत, तेच घ्या. लाइन चार तास बंद मिळेल, एक मिनिट जास्त नाही. आणि ठेकेदाराचा माणूस त्या दरीवर जायला नाही म्हणतोय.”

“मी जातो.”

“डॉक्टरचा दाखला आणा आधी.”

त्याने खिशातून दाखला काढला. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती. साहेबांना हसावं की रागवावं ते कळेना.

लाइन बंद झाली, दोन्ही टोकांनी तपासून झाली, आणि लाइनमन कप्पीला टांगलेल्या खुर्चीत बसून वरच्या तारेवर सरकला. एकेक गोळा म्हणजे दोन अर्धी टरफलं, तारेभोवती जुळवून बोल्टने आवळायची. जोडीदार टॉवरवरून दोर सैल सोडत होता. चार गोळे मजेत झाले. पाचव्यापाशी तारेवरचा तो जोड आला. लाइनमनने खाली पाहिलं. उंचीची भीती त्याला कधी वाटली नव्हती. पण आज दोन्ही बाजूंना कडे आणि पुढे अरुंद होत गेलेली दरी दिसली. कुठे वळणार होता तो पोरगा?

सहाव्याला वारा उठला. खुर्ची झुलू लागली.

“काका, या आता मागे,” वॉकीटॉकीवर जोडीदार ओरडला. “उरलेले पुढच्या वेळी!”

“पुढची वेळ कोण देणार? दोर सोड.”

“काका, ऐका ना!”

“सोड म्हणतो ना!”

बोटं बधिर झाली होती. एक नट निसटून नदीत गेला. त्याने हातमोजे काढले, सुटे नट दातांत धरले आणि वाऱ्याची झुळूक ओसरली की तेवढ्यात आवळत राहिला. नववा गोळा बसला तेव्हा अकरा मिनिटं उरली होती. टॉवरवर जोडीदाराने त्याला काखेत धरून ओढून घेतलं आणि शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या.

पंधरा दिवसांनी तो फेरीवर असताना दरीतल्या पुलाच्या कठड्याशी एक वयस्कर गृहस्थ तारेकडे बघत उभे दिसले. त्याचा गणवेश पाहून ते जवळ आले.

“गोळे तुम्ही लावलेत? बाईंनी सांगितलं मला. विमान चालवत होता तो माझा मुलगा.”

लाइनमनने टोपी काढली.

“मी बत्तीस वर्षं बस चालवली,” ते म्हणाले. “ड्रायव्हरची चूक लिहिणं सोपं असतं. पण त्याची चूक होती, असं बाईही म्हणतात.”

“होती,” लाइनमन म्हणाला. “पण तार दिसत नव्हती. मी वरून पाहिलंय. मला माझी तार सापडली नाही.”

“हे अहवालात नाही.”

“नाही.”

गृहस्थांनी खिशातून घड्या पडलेला अहवाल काढला. “यावर लिहून द्याल? कुणाला दाखवायला नाही. घरी ही आहे, त्याची आई. तिला वाचून दाखवेन.”

लाइनमनने गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला. साहेबांचे शब्द त्याला स्पष्ट आठवत होते. शेवटच्या पानावर, जिथे जागा होती तिथे, त्याने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: ‘तार मी ओढली होती. वरून ती दिसत नव्हती. टॉवर हिरवे होते, ते मी रंगवले होते.’ खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि नोकरीचा नंबर घातला.

गृहस्थांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली. मग पुलावरून वाकून खालच्या धोंड्यांकडे पाहिलं.

“खाली जायला वाट आहे का?”

“आहे. पण निसरडी आहे,” लाइनमन म्हणाला. “माझा हात धरा.”