कलावतीबाईंची साक्ष

बीरगांवच्या त्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, एखाद्या बाईचं पोट दर महिन्याला दुखायला लागलं की तिला दोन सल्ले मिळत. पिशवी काढून टाक, आणि खात्री करायची असेल तर कलावतीबाईंना विचार. बावीस वर्षांपूर्वी, एकोणतिसाव्या वर्षी, तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये कलावतीबाईंचं गर्भाशय काढलं होतं. कुणीही विचारलं की त्या म्हणायच्या, "हव, बिलकुल आराम आहे." त्यांच्या शब्दावर पाऱ्यातल्या चार बायका त्याच नर्सिंग होममध्ये जाऊन आल्या.

हे साफ खोटं होतं. रक्त थांबलं होतं, दुखणं नाही. ते महिन्याच्या महिन्याला यायचं आणि ओटीपोटात तीन दिवस मुक्काम ठोकायचं. कलावतीबाई न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबायच्या, बाहेर येऊन भात टाकायच्या. नवरा दयाराम तेव्हा प्लांटमधून सुट्टी काढून पंधरा दिवस उशाशी बसला होता आणि बायको ठणठणीत झाली म्हणून साऱ्या पाऱ्याला सांगत सुटला होता. त्याचं तोंड कसं पाडायचं? पहिल्या महिन्यात सांगायचं राहिलं, आणि मग सांगायची सोयच राहिली नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं की त्या नुसते ओठ हलवायच्या. मनानं चांगली बाई, पण भित्री, यात वाद नाही.

आता प्रश्न त्यांच्याच लेकीचा होता. रुचिता अठ्ठावीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं, मूल नाही. पाळीचे चार दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची, शाळेतली नोकरी सुटायच्या बेतात आलेली. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली आणि तिलाही तेच सांगितलं. पिशवी काढू, कटकट संपेल.

"सच्ची बता, आई," रुचिता म्हणाली. "तुह्यं गेलं ना? लेकरू नाही झालं तरी चालेल मले, लेकिन ये दर्द नहीं चाहिए. तू हव म्हटलं तर करून घेते."

"अवं, इतक्या वर्षांत एकदा तरी कण्हली का तुही आई?" दयाराम मध्येच बोलला.

कलावतीबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हव."

सोमवारी सकाळी दहाला ते तिघं नर्सिंग होमच्या बाकावर होते. शेजारी आणखी पाच बायका, पस्तिशीच्या वर एकही नाही. सगळ्यांच्या मांडीवर सारखीच फाइल. दर अर्ध्या तासानं दार उघडायचं, एक नाव पुकारलं जायचं, आणि दार पुन्हा लागायचं. नेमकं त्याच वेळी कलावतीबाईंचं दुखणं सुरू झालं. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली आणि लेकीकडे पाहिलं. आपण दुखण्यात काढलेली सगळी वर्षं तिच्या वाट्याला येताना दिसली, आणि त्या मनातून पार हादरल्या.

रुचिताचं नाव पुकारलं. ती चपला काढून निघाली. दयारामनं सहीसाठी पेन काढलं.

"थांब!" कलावतीबाई ओरडल्या. "माह्यं नाही गेलं."

"काय नाही गेलं?"

"दुखणं. आताही दुखून राहिलं."

दयारामनं पेन परत खिशात ठेवलं. रुचिता अनवाणी तशीच उभी होती. "और तूने हव बोला?" एवढंच ती म्हणाली, आणि तिथून निघाली.

पुढे जावयानं शहरातल्या तेलीबांधा भागातली एक डॉक्टरीण शोधून काढली. हा एंडोमेट्रिओसिस आहे, ती म्हणाली. गर्भाशयाच्या अस्तरासारखे थर बाहेर, अंडाशयावर आणि आतड्यामागे रुजलेत. नुसतं गर्भाशय काढलं तर ते आत तसेच राहतील. तिनं दुर्बिणीतून साडेतीन तास शस्त्रक्रिया केली, ते थर मुळापासून काढले आणि गर्भाशय जागेवर ठेवलं. पुन्हा होणारच नाही असं वचन मात्र तिनं दिलं नाही. पहिल्या पाळीची वाट सगळ्या घरानं जीव मुठीत धरून पाहिली. ती आली आणि गेली. दुसरीही गेली. वर्ष झालं तेव्हा रुचिता हसत म्हणाली, "आई, आता तारीख ध्यानातच नाही राहत मले." कलावतीबाई ढसाढसा रडल्या.

आधी लेक बरी होते का ते पाहू, मग पाऱ्यात सांगू, असं म्हणत त्यांनी ते वर्ष ढकललं होतं. त्यांच्या शब्दावर पिशवी काढून आलेल्या त्या चौघींपैकी आता पूर्णिमाबाई तेवढ्या पाऱ्यात उरल्या होत्या. कलावतीबाई दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांच्याकडे गेल्या आणि ओसरीवर बसल्या बसल्या सगळं खरं सांगून टाकलं.

पूर्णिमाबाईंचा तांदूळ निवडता हात थांबला. "माह्यंही नाही गेलं."

"मग बोलली काहून नाही?"

"तुह्यं गेलं म्हणून सांगत होती ना तू. मले वाटलं, खोट माह्यातच आहे. म्हणून निधीलेही तिथंच नेलं. मागच्या महिन्यात काढली तिची पिशवी."

निधी त्यांची लेक, सव्वीस वर्षांची. मागच्या महिन्यात! कलावतीबाई थोड्या आधी आल्या असत्या तर?

"आत पडली आहे. दुखतेच तिले," पूर्णिमाबाई कुजबुजल्या. "पण म्हणते, मावशीचं गेलं, माह्यंही जाईल. तेवढाच आधार आहे पोरीले. हात जोडते तुले, तिले काही सांगू नको."

आतून बारीक आवाज आला. "मावशी आल्या का? मावशी, बताओ ना, तुम्हाले किती दिवस लागले?"

पूर्णिमाबाईंनी त्यांचा पदर धरला. कलावतीबाईंनी तो सोडवून घेतला, आत गेल्या आणि पोरीच्या उशाशी बसल्या.

"तेवीस वर्षं झाली, बेटा," त्या म्हणाल्या. "अजून नाही गेलं."