खंडेनवमीच्या अक्षता

१९७८ सालची खंडेनवमी. सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या दाक्षायणीबाईंना माहेरी, मैंदर्गीला जायची घाई होती. प्रयोगशाळेचा म्हातारा शिपाई शिवप्पा दारातच आडवा आला.

"बाई, पूजा नेहमीसारखीच करू न्हवं?"

"करा की. काही वगळू नका, नाहीतर वर्षभर मलाच ऐकवाल." हसतच त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

दरवर्षी तो तराजूला, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावी, झेंडू वाही. यंदा मात्र कपाटात अकरा काचनळ्याही होत्या. कोयनेच्या रानातली सर्पगंधा औषधवाल्यांनी मुळासकट उपसून नेली होती. जोतीराम गुराख्यानं दाखवलेलं शेवटचं झुडूप बाईंनी कुंडीतून आणलं, ते इथल्या मे महिन्यात होरपळलं. त्याआधी काढलेले कोंबाचे नखाएवढे तुकडे तेवढे राहिले. साखर नि नारळपाणी घालून थिजवलेल्या खळीवर, एकाचे दोन करत, बाईंनी ते दहा महिने जगवले होते. मुळं धरली की परत डोंगरावर लावायचे.

दसरा करून त्या आल्या. प्रत्येक नळीवर कुंकवाचं बोट होतं. नळ्यांच्या तोंडचे कापसाचे बोळे तिरके बसले होते, आणि आत खळीवर पांढरी लव धरली होती.

"शिवप्पा, बोळे काढलेत?"

"व्हय की. यंत्राला वरनं चालतंय. ही तर जित्ती लेकरं! येकेकीत दोन दोन अक्षता वाहिल्या. कशी वाढाय लागली बघा."

बोळ्यातून गाळल्याशिवाय नळीत बाहेरची हवासुद्धा जाऊ द्यायची नाही, हे बाईंनी विद्यार्थ्यांना दहादा बजावलं होतं. रोज कपाट पुसणाऱ्या शिवप्पाला एकदाही नाही.

आणखी एखादं झुडूप शोधायला त्यांनी जोतीरामला कार्ड टाकलं. पंधरवड्यानं उत्तर आलं: दोनदा रान पालथं घातलं, एक पान दिसलं नाही. तोवर नळ्यांतली लव काळी झाली होती, कोंब कुजले होते.

"पुन्यांदा लावू की, बाई. फुडल्या साली मी लांबनंच हात जोडतो."

"लावायला काही उरलं नाही, शिवप्पा."

"माज्यामुळं?"

बाईंनी त्याला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं: बुरशी डोळ्यांना न दिसता कशी येते, बोळा कशासाठी असतो. तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा मान हलवत होता. सांगून झाल्यावर दोघांनाही उठवेना.